पडलेल्या ओंडक्यांचे रान

निलगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बांधालगत ओळीने लावलेली, सरळसोट वाढलेली झाडे येतात. तिच्या मायदेशी ऑस्ट्रेलियात, विशेषतः आग्नेय भागात, तिचे विरळ रान असते: झाडे दूरदूर उभी, फांद्या ऐसपैस पसरलेल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत गवत व रानफुले. व्हाइट बॉक्स, यलो बॉक्स आणि ब्लेकलीज रेड गम या निलगिरीच्या जाती ही तिथली प्रमुख झाडे. हे रान सुपीक जमिनीवर होते, हेच त्याच्या मुळावर आले. युरोपीय वसाहतवाल्यांनी ते तोडून गहू पेरला, मेंढ्या चारल्या. आज त्याचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग चांगल्या स्थितीत उरला असून, २००६ मध्ये राष्ट्रीय कायद्याखाली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

अशा रानाला वाचवायचे तर रोपे लावावीत, असे कुणालाही वाटेल. पण रोपाला ढोली नसते. आपल्याकडे सुतार पक्षी ढोली कोरतो. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाहीतच. तिथे फांदी मोडते, जखमेतून बुरशी आणि वाळवी आत शिरतात, कधी वणवा खोड पोखरतो आणि अशी ढोली तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे जातात. सुपर्ब पॅरट या पोपटाचे घरटे अशाच ढोलीत असते. म्हणून जुने, अर्धवट वाळलेले झाड राखणे हे शंभर रोपे लावण्याहून निकडीचे ठरते.

कॅनबेराजवळच्या मुलिगन्स फ्लॅट अभयारण्यात जमिनीकडेही तितकेच लक्ष दिले गेले. सरपणासाठी आणि ‘साफसफाई’ म्हणून वर्षानुवर्षे उचलून नेलेल्या लाकडाची भरपाई करण्यासाठी संशोधकांनी तिथे सुमारे २,००० टन ओंडके आणून मुद्दाम पसरले. त्यांच्या आडोशाने ओल टिकते, कीटक वाढतात आणि सरड्यांना निवारा मिळतो. २००९ मध्ये ११.५ किलोमीटरचे कुंपण पूर्ण झाले, कारण युरोपातून आणलेली खोकडे आणि रानटी बनलेली पाळीव मांजरे आत असेपर्यंत लहान प्राणी जगणे शक्य नव्हते. मग २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नाहीसा झालेला, दोन किलोंच्या आतबाहेर वजनाचा ईस्टर्न बेटाँग हा कांगारूचा छोटा नातलग टास्मानिया बेटावरून आणून सोडण्यात आला. हा प्राणी भूमिगत बुरशीसाठी रात्रभर माती उकरतो. त्या खड्ड्यांत पाणी आणि पाचोळा साचतो, बी रुजते, शिवाय त्याच्या विष्ठेतून बुरशीचे बीजाणू पसरतात. निलगिरीची मुळे याच प्रकारच्या बुरशीच्या साथीने मातीतील अन्नद्रव्ये शोषतात.

सगळेच पहिल्या फटक्यात साधले नाही. २०१६ मध्ये सोडलेल्या ईस्टर्न क्वोल या पोटाला पिशवी असलेल्या मांसाहारी प्राण्यांपैकी अनेक जण कुंपण चढून बाहेर गेले आणि मारले गेले. पुढच्या खेपेस पिशवीत पिल्ले असलेल्या माद्याच सोडल्या. त्यांतील बहुतेक आतच राहिल्या.