डेटाबेस सेटिंग्जचे एकसूत्री व्यवस्थापन : पोस्टग्रेस

अनेक संगणकांवर चालणाऱ्या डेटाबेस सर्व्हरच्या सेटिंग्ज एका ठिकाणी लिहून ठेवायच्या, तिथून प्रत्येक यंत्रावर पोचवायच्या आणि चालू सर्व्हरने त्या खरोखर उचलल्या आहेत का हे तपासायचे, अशी ही कार्यपद्धती आहे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी होतात. तिसरी राहून जाते आणि घोटाळे बहुधा तिथेच सापडतात. दोन यंत्रांवरची फाइल अक्षरशः सारखी असूनही दोन्ही सर्व्हर वेगळ्या किमतींवर (सेटिंगला दिलेल्या मूल्यांवर) चालू असू शकतात. प्रत्येक डेटाबेसचे तपशील निराळे असल्याने ही नोंद पोस्टग्रेसपुरती मर्यादित आहे.

किंमत कुठून येते : मुख्य फाइल पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर ती ईटीसी फोल्डरखाली आवृत्तीच्या आणि क्लस्टरच्या (एका सर्व्हरखालच्या डेटाबेससमूहाच्या) नावाने असते, रेड हॅट घराण्यात थेट डेटा फोल्डरमध्ये. पीजी_बेसबॅकअप या नक्कल करणाऱ्या साधनाने नवा स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, अद्ययावत राहणारी प्रत) उभा करताना हा फरक नडतो. रेड हॅटवर फाइल डेटासोबत येते, डेबियनवर येत नाही. तिथे स्टँडबायला मूळच्या किमती मिळतात : शेअर्ड_बफर्स (सर्वांची सामायिक स्मृती) १२८ एमबी, वर्क_मेम (क्वेरीतल्या एकेका कामाची स्मृती) ४ एमबी, मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळच्या जोडण्यांची कमाल संख्या) १००. प्रायमरीवर मॅक्स_कनेक्शन्स ३०० असेल, तर वाचनासाठी खुला ठेवायचा स्टँडबाय सुरूच होत नाही.

एकच सेटिंग फाइलीत दोनदा आली तर शेवटची ओळ चालते. इन्क्लूड_डिर या सोयीने जोडलेल्या फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, पण हा क्रम अक्षरागणिक लागतो. म्हणजे १०० ने सुरू होणारी फाइल २० च्या आधी येते. सगळ्या नावांना सारख्याच अंकांचा उपसर्ग द्यावा. नावाच्या शेवटी ‘.कॉन्फ’ नसलेली फाइल वाचली जात नाही, त्यामुळे ‘.बॅक’ जोडून ठेवलेली जुनी प्रत निरुपद्रवी; पण ‘जुनी.कॉन्फ’ अशा नावाने ठेवलेली प्रत मात्र गुपचूप लागू होते.

या सगळ्यानंतर डेटा फोल्डरातली पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ (पुढे नुसते ऑटो.कॉन्फ) वाचली जाते. ९.४ आवृत्तीत (२०१४) आलेली ‘ऑल्टर सिस्टिम’ ही आज्ञा तिथे लिहिते. रात्री-अपरात्री अडचण सोडवताना कोणी ही आज्ञा चालवली, की त्या सेटिंगपुरती मध्यवर्ती फाइल निष्प्रभ होते. पुढे फाइलीत कितीही बदल करा, काही हलत नाही. ‘ऑल्टर सिस्टिम रीसेट’ने ती नोंद काढावी लागते. १७ व्या आवृत्तीपासून (२०२४) अलाउ_ऑल्टर_सिस्टिम बंद ठेवून ही वाट अडवता येते. बाहेरून फाइली पोचवणाऱ्यांनी ती अडवावीच. मात्र ही सुरक्षेची सोय नाही. सर्व अधिकार असलेल्या सुपरयूझरकडे इतर मार्ग असतात.

फाइलींच्याही वर डेटाबेसनिहाय आणि रोलनिहाय (रोल म्हणजे डेटाबेसमधले खाते) सेटिंग्ज असतात. रोलची किंमत डेटाबेसच्या किमतीला मागे टाकते आणि ‘अमुक डेटाबेसमध्ये अमुक रोल’ अशी नेमकी सांगितलेली किंमत दोघांनाही. या सेटिंग्ज कॅटलॉगमध्ये (डेटाबेसच्या स्वतःच्या अंतर्गत तक्त्यांत) साठतात, म्हणून फिजिकल रेप्लिकेशनबरोबर (डेटा जसाच्या तसा उतरवला जाताना) स्टँडबायवर आपोआप जातात; फाइली जात नाहीत. प्रवेशाचे नियम सांगणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फचा न्याय उलटा आहे : जुळणारी पहिली ओळ लागू होते आणि पुढे कोणी बघत नाही. सवयीने शेवटी जोडलेला कडक नियम वरच्या सैल नियमाखाली निकामी पडून राहतो.

एककांची चूक : शेअर्ड_बफर्सपुढे नुसते ४०९६ लिहिले, तर अर्थ ४०९६ एमबी होत नाही, ८ केबीचे ४०९६ ब्लॉक, म्हणजे अवघे ३२ एमबी होतात. वर्क_मेमपुढचा नुसता आकडा मात्र केबीत मोजला जातो. एकक नेहमी लिहावे. केबी लिहिताना पहिले इंग्रजी अक्षर लहान लिपीतलेच हवे, मोठे चालत नाही.

साचा आणि आकडे : सीएफइंजिन (१९९३), पपेट (२००५), शेफ (२००९) आणि अन्सिबल (२०१२) ही या कामाची रूढ साधने. आज नव्याने सुरुवात करणारे बहुधा अन्सिबल घेतात, कारण दूरच्या यंत्रावर वेगळा एजंट बसवावा लागत नाही. फाइलीचा साचा (ज्यात आकडे भरून प्रत्येक यंत्राची फाइल बनते तो मजकूर) गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास राखणाऱ्या साधनात, ठेवतात आणि सर्वांना समान, गटाला समान, एकट्या यंत्रापुरते असे तीन थर करतात. पासवर्ड गिटमध्ये उघडे ठेवत नाहीत. ते अन्सिबल व्हॉल्टमध्ये, म्हणजे कूटबद्ध साठ्यात, जातात.

केवळ डेटाबेससाठी राखलेल्या यंत्रावर शेअर्ड_बफर्स रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरू करतात. ६४ जीबीला १६ जीबी. ही किंमत साच्यात रॅमवरून मोजायची असेल तर पूर्ण जीबीत खाली उतरवावी, कारण ‘६४ जीबी’ची दोन यंत्रे थोडे वेगळे आकडे सांगतात आणि प्रत्येक फाइल वेगळी दिसू लागते. कंटेनरमध्ये तर हा आकडा अनेकदा कंटेनरच्या मर्यादेचा नसून खालच्या यंत्राच्या रॅमचा मिळतो. वर्क_मेम रॅमच्या टक्क्यांत मोजणे धोक्याचे आहे. ती मर्यादा प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशसाठी स्वतंत्र लागते : २०० कनेक्शन्सनी ६४ एमबीचा एकेकच सॉर्ट केला तरी १२.५ जीबी होतात, आणि १५ व्या आवृत्तीपासून हॅशला मूळचीच दुप्पट मुभा आहे.

साच्याच्या डोक्यावर ‘तयार केल्याची वेळ’ छापायचा मोह टाळावा. त्यामुळे फाइल दर खेपेस बदललेली ठरते आणि बदलावर रीस्टार्ट जोडलेला असेल तर सर्व्हर विनाकारण बसतो. उलटा सापळा अधिक फसवा आहे. फाइल बदलली, पुढची एखादी पायरी फसली, त्यामुळे शेवटी चालणारा रीलोडचा हँडलर (बदल झाला तरच चालणारी, सर्व्हरला न थांबवता फाइल पुन्हा वाचायला लावणारी पायरी) चाललाच नाही. दुसऱ्या खेपेस फाइल आधीच बरोबर असते, म्हणून हँडलरला कोणी बोलावत नाही. अहवालात सगळे हिरवे, सर्व्हर मात्र जुन्याच किमतीवर. आणखी एक : अन्सिबलचे पोस्टग्रेसक्यूएल_सेट हे मॉड्यूल आतून ‘ऑल्टर सिस्टिम’च वापरते. साचा आणि हे मॉड्यूल दोन्ही वापरल्यास एका सेटिंगला दोन मालक होतात.

लागू करणे : फाइल पोचल्यावर, रीलोड करण्यापूर्वी, पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू (क्वेरीने वाचायचा तक्ता) बघावा (९.५ पासून). तो फाइलीतला आत्ताचा मजकूर वाचून चुकीची ओळ दाखवतो. मग पीजी_रीलोड_कॉन्फ चालवावे. त्याने ‘ट्रू’ म्हटले तर फक्त संदेश पोचला एवढेच कळते. किंमत चुकीची असेल तर सर्व्हर लॉगमध्ये तक्रार लिहून जुनीच चालू ठेवतो. तीच चूक रीस्टार्टच्या वेळी असेल, तर सर्व्हर उठत नाही.

काही सेटिंग्जना रीस्टार्टच लागतो. शेअर्ड_बफर्स आणि मॅक्स_कनेक्शन्स त्यांतल्याच. चालू किमती दाखवणाऱ्या पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधला पेंडिंग_रीस्टार्ट हा रकाना अशी अडकलेली सेटिंग दाखवतो. तो रोज तपासावा. सहा महिन्यांपूर्वीचा अडकलेला बदल वीज गेल्यावर यंत्र परत उठताना लागू होतो, आणि तेव्हा कोणाला तो आठवत नसतो.

मॅक्स_कनेक्शन्स, मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस, मॅक्स_वॉल_सेंडर्स, मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स आणि मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन या पाच किमती स्टँडबायवर प्रायमरीइतक्या किंवा जास्त असाव्या लागतात. म्हणून वाढवताना आधी सगळे स्टँडबाय, मग प्रायमरी. कमी करताना आधी प्रायमरी. अन्सिबलमध्ये ‘सिरियल १’ देऊन एकेक यंत्र घ्यावे. पॅट्रोनी (प्रायमरी पडल्यास स्टँडबायला आपोआप पुढे आणणारे साधन) वापरत असल्यास मात्र वेगळे चालते. यांपैकी बहुतेक किमती तो ईटीसीडीसारख्या सामायिक साठ्यातूनच घेतो आणि सर्व्हर सुरू करताना आज्ञेसोबत देतो, त्यामुळे ऑटो.कॉन्फचेही तिथे चालत नाही. पॅट्रोनी असताना अन्सिबलने पोस्टग्रेसच्या फाइलीला हात लावू नये.

तुलना : प्रत्येक यंत्रावर एकाच रोलने जोडून पीजी_सेटिंग्जमधून नाव, किंमत, एकक, स्रोत आणि फाइलीचे नाव काढावे, नावाने लावावे आणि फरक बघावा. फाइलीचे नाव दिसण्यासाठी सुपरयूझर किंवा पीजी_रीड_ऑल_सेटिंग्ज हा रोल हवा. १२८ एमबी इथे १६३८४ असे दिसते, कारण एकक ८ केबी आहे. जोडणाऱ्या रोलला स्वतःच्या सेटिंग्ज दिलेल्या नसाव्यात, नाहीतर सर्व्हरऐवजी त्याच मोजल्या जातात.

साच्यात न दिसणारे फरक : क्लस्टर बनवताना टाइमझोन त्या यंत्रावरून उचलला जातो. मुंबईतला सर्व्हर भारतीय वेळेवर आणि पर्यायी सर्व्हर यूटीसीवर असेल, तर अदलाबदलीनंतर मध्यरात्र ते पहाटे ५.३० पर्यंत करंट_डेट आदल्या दिवसाची तारीख देते. दिवसअखेरचे हिशेब तिथे चुकतात. टाइमझोन आणि लॉग_टाइमझोन साच्यात स्पष्ट लिहावेत.

जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ लायब्ररीची; अक्षरक्रम तिथून येतो) आवृत्ती याहून गंभीर. २.२८ मध्ये (२०१८) अक्षरक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. प्रायमरी रेड हॅट ७ वर आणि स्टँडबाय ८ वर असेल, तर एका नियमाने रचलेला इंडेक्स दुसऱ्या नियमाने शोधला जातो : ओळ असूनही सापडत नाही, आणि तो स्टँडबाय प्रायमरी झाल्यावर युनिक रकान्यात दुहेरी नोंदी शिरू शकतात. स्टँडबायवर रीइंडेक्स करता येत नाही, म्हणून दोन्ही यंत्रांची कार्यप्रणाली एकाच आवृत्तीची ठेवण्याला पर्याय नाही.

आवृत्ती बदलताना : पीजी_अपग्रेड सेटिंग्जच्या फाइली नव्या क्लस्टरमध्ये नेत नाही. जुनी फाइल जशीच्या तशी टाकली आणि तिच्यात काढून टाकलेले नाव असले, तर नवा सर्व्हर सुरू होत नाही. वॉल_कीप_सेगमेंट्सचे (वॉल म्हणजे बदलांची नोंदवही; तिचे किती तुकडे राखायचे ते) १३ मध्ये वॉल_कीप_साइझ झाले आणि मोजमापही सेगमेंटवरून एमबीवर आले. १६ एमबीचे ६४ सेगमेंट म्हणजे १०२४ एमबी. ओल्ड_स्नॅपशॉट_थ्रेशोल्ड १७ मध्ये गेले. साच्यात अशा ओळींना आवृत्तीची अट घालतात.