गाडी लागणे आणि आभासी वास्तवाचे खेळ

दत्तजयंतीच्या सुमारास खान्देशात, तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे घोडेबाजारातून हिंडून पाळण्यांच्या बाजूला गेले की अलीकडे आणखी एक दुकान दिसते. दोन-तीन हलत्या खुर्च्या, त्यांवर बसलेली मुले आणि त्यांच्या डोळ्यांवर बांधलेले काळे डबे, म्हणजे आभासी वास्तवाचे हेडसेट. गेल्या खेपेस तिथे उभा असताना बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने खेळ अर्ध्यात थांबवून डबा काढला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो वडिलांना एवढेच म्हणाला, “माले गाडी लागनी.” खुर्ची जागची हललीसुद्धा नव्हती, ती फक्त पुढे-मागे झुकत होती. तरीही त्या मुलाने वापरलेला शब्द शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक होता. हे हेडसेट व्हिडिओ गेमचे जग खरोखर बदलतील का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या एका शब्दात आहे, असे मला वाटते.

हेडसेटविषयीची चर्चा बहुधा चित्राच्या स्पष्टतेभोवती, किमतीभोवती आणि कंपन्यांच्या घोषणांभोवती फिरते. या सगळ्याला महत्त्व आहे. परंतु खरी कसोटी डोळ्यांपुढे नसून कानाच्या आत आहे. आपल्या आंतरकर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतील द्रव डोके वळताच मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला डोके कोणत्या दिशेने, किती वेगाने वळले हे कळते. त्यांच्याजवळच्या दोन लहान पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. शरीराचा वेग वाढला, कमी झाला किंवा डोके कलले की ते सरकतात. मेंदू ही माहिती डोळ्यांकडून आणि स्नायूंकडून येणाऱ्या माहितीशी क्षणोक्षणी ताडून पाहत असतो.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना एस.टी.त मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या प्रवाशाचा विचार करा. त्याचे डोळे सांगतात की समोरचा पडदा स्थिर आहे. कान मात्र प्रत्येक वळण आणि प्रत्येक गचका नोंदवत असतो. दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोटात ढवळू लागते. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर असते आणि पुढचे वळण त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असते. ज्यांच्या आंतरकर्णाचा तोल सांभाळणारा भाग पूर्णपणे निकामी झालेला असतो, त्यांना ना गाडी लागते ना बोट. या एका गोष्टीवरून दोष पोटाचा नाही, हे पुरेसे स्पष्ट होते.

हेडसेटमध्ये हेच भांडण उलट बाजूने सुरू होते. डोळे म्हणतात की आपण धावतो आहोत. कान म्हणतो की आपण बसलेलो आहोत. हा त्रास व्हिडिओ गेमच्याही आधीचा आहे. हेलिकॉप्टर चालवण्याचे शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतील नकली कॉकपिटमध्ये बसलेल्या वैमानिकांना मळमळते, याची नोंद 1957 मध्येच झाली होती.

या तंत्रज्ञानाचा पहिला पायाही जुनाच आहे. आयव्हन सदरलँड या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने 1968 मध्ये डोक्यावर बसणारा आणि डोक्याबरोबर चित्र बदलणारा पडदा तयार केला. त्याचे यांत्रिक जोडकाम इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. 1995 मध्ये निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘व्हर्च्युअल बॉय’ हा डोळ्यांना लावून खेळायचा डबा बाजारात आणला. त्यात फक्त लाल आणि काळे चित्र दिसे, डोके फिरवले तरी दृश्य फिरत नसे, आणि वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. 2012 मध्ये ‘ऑक्युलस रिफ्ट’ या हेडसेटसाठी लोकवर्गणीतून सुमारे 24 लाख डॉलर जमले, 2014 मध्ये फेसबुकने तो बनवणारी कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले, आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी ‘आता सगळे बदलणार’ अशी ग्वाही ऐकू येत आहे.

या काळात एक अवघड प्रश्न मात्र खरोखर सुटला, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. तो समजून घेण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. हा लेख ज्या मोबाइलवर वाचत असाल तो स्थिर धरून डोके डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे वाचता येतील. आता डोके स्थिर ठेवून मोबाइल तितक्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतील. पहिल्या वेळी आंतरकर्णाने डोळ्यांच्या स्नायूंना सुमारे एक शतांश सेकंदात उलट दिशेने वळण्याचा निरोप दिलेला असतो. अशा चपळ यंत्रणेला फसवायचे तर डोके वळल्यापासून नवे चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचण्यास साधारण 20 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागता कामा नये. आजचे चांगले हेडसेट सेकंदाला 90 किंवा त्याहून अधिक चित्रे दाखवून आणि डोके पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून ही मर्यादा पाळतात. त्यामुळे खुर्चीत बसून नुसते इकडे-तिकडे पाहणाऱ्याला आता फारसा त्रास होत नाही.

न सुटलेला प्रश्न चालण्याचा आहे. आपल्या ओळखीचे बहुतेक व्हिडिओ गेम पात्राला पळवण्यावर उभे आहेत: मैदान ओलांडायचे, भिंतीवरून उडी घ्यायची, गाडीत बसायचे, पुन्हा पळायचे. खेळणारा मात्र खोलीतच असतो. अंगठ्याने कळ पुढे रेटली की हेडसेटमधील सारे दृश्य मागे सरकू लागते आणि आंतरकर्ण त्याला दुजोरा देत नाही. येथे संगणक कितीही वेगवान केला तरी उपयोग नाही, कारण विसंगती यंत्रातील विलंबामुळे नसून खेळाच्या रचनेतच आहे. यावर काढलेला सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे चालणेच टाळणे: समोरच्या जागेकडे बोट दाखवायचे आणि क्षणात तिथे पोहोचायचे. व्हॉल्व्ह कंपनीच्या 2020 सालच्या ‘हाफ-लाइफ: अॅलिक्स’ या गाजलेल्या खेळात ही सोय आहे. ती चांगली चालते. परंतु धावण्याची घाई आणि धाप हाच ज्या खेळांचा जीव आहे, त्यांचे काय उरते, हेही विचारावे लागते.

म्हणूनच मला वाटते की हेडसेट जुन्या खेळांना नव्या डोळ्यांनी दाखवणार नाही. त्याचे खेळ वेगळे असतील, आणि शरीर प्रत्यक्षात जे करू शकते तेच ते मागतील. 2018 मध्ये आलेला ‘बीट सेबर’ हा याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. खेळणारा एका जागी उभा राहतो, संगीताच्या तालावर समोरून येणारे ठोकळे दोन्ही हातांतील प्रकाशतलवारींनी कापतो आणि अंगावर येणारी भिंत चुकवण्यासाठी वाकतो. हात जितका हलतो तितकीच तलवार हलते, पाय जागेवर असतात, आणि डोळे, कान व स्नायू एकच गोष्ट सांगतात. लेझीम खेळणाऱ्याला त्यातील गोडी लगेच कळेल. साध्या पडद्यावर हा खेळ जवळपास निरर्थक ठरेल, आणि ‘बदल’ हा शब्द मी अशाच ठिकाणी वापरेन.

दुसरा नमुना बसून खेळायच्या खेळांचा आहे. मोटारींची शर्यत किंवा विमान चालवणे यांत खेळणारा खऱ्या जगातही बसलेला असतो आणि खेळातही. भोवती दिसणारी गाडीची किंवा कॉकपिटची चौकट त्याच्या सापेक्ष स्थिर राहते, आणि ती मेंदूला आधार देते. त्यात सारंगखेड्याच्या त्या झुकणाऱ्या खुर्चीची भर घातली तर गोष्ट आणखी रंजक होते. आंतरकर्णातील खडे मागे सरकले, तर ते डोके मागे कलल्यामुळे सरकले की शरीराला पुढे वेग मिळाल्यामुळे, हे ओळखण्याचे साधन त्या खड्यांपाशी नसते. डोळ्यांना पुढचा रस्ता झपाट्याने जवळ येताना दिसत असेल आणि खुर्ची त्याच क्षणी हळूच मागे झुकली, तर मेंदू ‘गाडीने वेग घेतला’ असा अर्थ लावतो. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे कोट्यवधी रुपयांचे सिम्युलेटर हीच युक्ती वापरतात. यात्रेतील खुर्चीही तेच तत्त्व वापरते. फक्त तिथे झुकणे आणि दृश्य यांचा मेळ काटेकोर नसतो, आणि दृश्यात उलटेपालटे होणारा आकाशपाळणा असेल तर तो मेळ शक्यही नसतो. त्या मुलाला गाडी लागली ती याच फटीत.

डोळ्यांच्या बाजूनेही दोन उणिवा शिल्लक आहेत. निरोगी डोळा दृश्याच्या एका अंशात साधारण 60 बिंदू वेगळे ओळखू शकतो. मेटाचा, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीचा, 2023 मधील ‘क्वेस्ट 3’ हा हेडसेट सुमारे 25 बिंदू देतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने डोळ्याची बरोबरी करण्यासाठी पावणेसहा पट बिंदू लागतील. मात्र अत्यंत स्पष्ट दिसण्याचे काम डोळ्याच्या मध्यभागातील अवघ्या दोन-एक अंशांतच होते, त्यामुळे नजर जिथे आहे तेवढाच भाग बारकाईने रंगवण्याची पद्धत आता रुळते आहे आणि ही उणीव भरून निघेल असे दिसते. दुसरी अधिक चिवट आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातील भिंगही जवळचे स्पष्ट करण्यासाठी फुगते. हेडसेटमध्ये मात्र वस्तू नाकासमोर दिसो वा डोंगरापलीकडे, तिचे प्रकाशकिरण साधारण एक-दोन मीटरवरून आल्यासारखेच येतात. जन्मभर जोडीने काम करणाऱ्या दोन क्रिया एकमेकींपासून तुटतात आणि तासाभरात डोळे शिणतात.

खपाचे आकडे मी सावधपणे वाचतो. मायक्रोसॉफ्टचा ‘कायनेक्ट’ हा अंगविक्षेप टिपणारा कॅमेरा 2010 मध्ये पहिल्या 60 दिवसांत 80 लाख विकला गेला होता. 2017 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. लोकांनी नवलाई विकत घेतली, सवय लावून घेतली नाही. संगणकावरील खेळांच्या ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या दुकानाच्या पाहणीत हेडसेट जोडणाऱ्यांचे प्रमाण कित्येक वर्षे दोन टक्क्यांच्या आसपास घुटमळत आहे. मेटाच्या हेडसेट बनवणाऱ्या विभागाने एकट्या 2023 मध्ये सुमारे 16 अब्ज डॉलर तोटा सोसला. एवढा पैसा ओतल्यावर यंत्र सुधारणारच, आणि ते सुधारले आहेही. पण आंतरकर्णाची रचना पैशाने बदलत नाही.

आता आपल्या खान्देशाकडे पाहू. इकडे व्हिडिओ गेम म्हणजे मोबाइल, आणि मोबाइल म्हणजे कट्टा. जळगावच्या कोणत्याही कॉलनीत संध्याकाळी पाच मुले एका ओट्यावर बसून एकच सामना खेळताना दिसतात. सहावा खांद्यावरून डोकावून सूचना देत असतो आणि तोही खेळातच असतो. हेडसेट घालणारा या सहाव्या मुलाला बाहेर ठेवतो. चित्र दुसऱ्या पडद्यावर दाखवण्याची सोय असली, तरी खेळणाऱ्याच्या तोंडावरचे भाव झाकलेलेच राहतात, आणि बाजूला बसून खेळ पाहण्याची निम्मी मजा त्या भावांत असते.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो. अॅपलने आपल्या ‘व्हिजन प्रो’ या हेडसेटसाठी वापराचे कमाल तापमान 30 अंश सांगितले आहे. अर्ध्या किलोच्या आसपासचे, स्वतःही तापणारे यंत्र कपाळावर बांधून कूलरच्या दमट हवेत उभे राहिले, की घाम गादीत मुरतो, भिंगांवर वाफ धरते आणि चित्र धुरकट होते. मेच्या सुट्टीत, म्हणजे मुलांना खेळायला सर्वाधिक वेळ असतो तेव्हाच, ते वापरायला सर्वांत गैरसोयीचे ठरते. शिवाय ‘क्वेस्ट 3’ची मूळ किंमत 499 डॉलर, म्हणजे कर वगळूनही 40,000 रुपयांच्या वर होती. तेवढ्या पैशांत घरातील दोघातिघांना चांगले मोबाइल येतात, आणि ते अभ्यासाला, कापसाचा भाव पाहायला, पैसे पाठवायलाही उपयोगी पडतात.

त्यामुळे इकडे हेडसेट घरात येण्याआधी दुकानात येईल, असा माझा अंदाज आहे. पूर्वी संगणकाचे खेळ खेळायला मुले सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन बसत. तशीच वातानुकूलित खोली, मोकळी दहा बाय दहा फुटांची जागा, तालावर खेळायचे दोन-तीन खेळ आणि नीट जुळवलेली शर्यतीची एखादी खुर्ची असेल, तर ती चालेल आणि तिथे मुले खरोखर काहीतरी नवे खेळतील. अशा ठिकाणी आईवडिलांनी विचारायच्या गोष्टी साध्या आहेत. दोन भिंगांमधील अंतर मुलाच्या डोळ्यांप्रमाणे कमी करता येते का? प्रौढांच्या बुबुळांमधील अंतर सरासरी 63 मिलिमीटर असते, मुलांचे त्याहून कमी. खेळ उभ्या जागी खेळायचा आहे की दृश्यात पळायचा? पहिल्या दिवशी पाच-सात मिनिटांवर कोणी थांबवते का? मळमळ सुरू झाल्यावर नेटाने खेळत राहिल्यास ती वाढते. डबा काढून दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहिल्यास ती बहुधा उतरते.

सारंगखेड्याच्या त्या मुलाला वडिलांनी थंड पाणी पाजले आणि थोडा वेळ तापीच्या पुलाकडे पाहत बसवले. दहा मिनिटांनी तो पुन्हा दुकानापाशी गेला, पण खुर्चीवर बसला नाही. कोपऱ्यात उभे राहून दोन्ही हातांनी फळे कापायचा एक खेळ होता. त्याच्या रांगेत तो उभा राहिला.