टॉमी (रॉक ऑपेरा)

टॉमी : ‘द हू’ या लंडनच्या रॉक बँडचा १९६९ मधला दोन तबकड्यांचा अल्बम आणि त्यावरून पुढे निघालेले बॅले, वाद्यवृंदरूप, चित्रपट व संगीत नाटक. त्यातल्या २४ गाण्यांमधून एका मुलाची गोष्ट सलग पुढे सरकते. बहुतेक गाणी बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याची आहेत. अशी एकच कथा सांगणाऱ्या रॉक गाण्यांच्या मालिकेला रॉक ऑपेरा म्हणतात. हा पहिला रॉक ऑपेरा नव्हे. ‘द प्रिटी थिंग्ज’ या बँडचा ‘एस. एफ. सॉरो’ हा अल्बम डिसेंबर १९६८ मध्येच आला होता. पण ‘रॉक ऑपेरा’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो ‘टॉमी’मुळे.

पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेला कॅप्टन वॉकर १९२१ मध्ये अचानक घरी परततो. बायकोने मधल्या काळात दुसरा जोडीदार शोधलेला असतो. झटापट होते, प्रियकर मारला जातो आणि लहानगा टॉमी हे सगळे आरशात पाहतो. आईबाप त्याला बजावतात, की तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कुणाला काही सांगणार नाहीस. पोर ते शब्दशः पाळते आणि आंधळे, बहिरे, मुके होऊन बसते. गंमत अशी, की नुसती तबकडी ऐकणाऱ्याला कुणी कुणाला मारले हे धडपणे कळतच नाही. गाण्यात खून नाही, फक्त त्यानंतरची घबराट आहे. या पोकळीत पुढे प्रत्येक दिग्दर्शकाने आपापली गोष्ट घातली.

टॉमीचा चुलतभाऊ त्याला छळतो, काका त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो. हे दोन प्रसंग लिहिणे टाउनशेंडला जमेना, म्हणून ती गाणी बासवादक जॉन एन्टविसलने लिहिली. डॉक्टर होतात, अमली पदार्थ देणारी ‘अ‍ॅसिड क्वीन’ होते, गुण कशाचाच येत नाही. मुलगा मात्र केवळ स्पर्शाने आणि कंपनांनी पिनबॉल (यंत्राच्या उतरत्या फळीवर गोळी टोलवत गुण मिळवण्याचा खेळ) खेळून त्यात अजिंक्य ठरतो. शेवटी आई आरसा फोडते आणि तो बरा होतो. लोक त्याला देव मानू लागतात, त्याच्या नावाने सुट्टीची छावणी उभी राहते. तिथे तो भक्तांनाही डोळे, कान, तोंड बंद करून पिनबॉल खेळायला लावतो, तेव्हा ते उलटतात आणि त्याला सोडून जातात.

पिनबॉल आधीच्या आराखड्यात नव्हता. समीक्षक निक कोन याला कच्चे ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा तो फारसा खूश झाला नाही. कोनला पिनबॉलचा नाद आहे हे टाउनशेंडला ठाऊक होते, म्हणून नायकाला पिनबॉलपटू करून टाकले. त्यातून निघालेले ‘पिनबॉल विझार्ड’ ब्रिटनच्या क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत गेले आणि अल्बमचा चेहराच होऊन बसले.

कथेचा आध्यात्मिक गाभा मात्र थेट अहमदनगरशी (आताचे अहिल्यानगर) जोडलेला आहे. चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्यामुळे टाउनशेंड आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांकडे ओढला गेला. अल्बमचे निळे, जाळीदार मुखपृष्ठही मॅकिनर्नीचेच. मेहेरबाबा, म्हणजे १८९४ मध्ये पुण्यात इराणी कुटुंबात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, १० जुलै १९२५ पासून मौनात होते. आधी अक्षरफलकावर बोट फिरवून आणि नंतर केवळ हातवाऱ्यांनी ते संवाद साधत. अल्बमचे काम चालू असतानाच, ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. अरणगावजवळच्या मेहेराबादला त्यांची समाधी आहे आणि तिथे दरवर्षी त्या तारखेला अमरतिथीला देशोदेशीचे भक्त जमतात. अल्बमच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचे नाव छापलेले आहे.

यावरून टॉमी म्हणजेच मेहेरबाबा असा अर्थ काही जण काढतात. तो बरोबर वाटत नाही. टाउनशेंडच्या मनात होता तो साधा माणूस, ज्याची आतली इंद्रिये मिटलेली आहेत आणि जो स्वतःच्या प्रतिबिंबापलीकडे काही पाहत नाही. उलट टॉमीची घसरण सुरू होते ती वाचा फुटल्यावर, उपदेश देऊ लागल्यावर. बाबांनी तर ४३ वर्षांहून अधिक काळ मौन सोडलेच नाही. अमली पदार्थांतून ईश्वर भेटत नाही ही बाबांची ठाम शिकवण लक्षात घेतली, तर त्या काळच्या रॉक संगीतात ‘अ‍ॅसिड क्वीन’ अपयशी का ठरते तेही उलगडते. पुढे १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ हेच.

ध्वनिमुद्रण लंडनच्या आयबीसी स्टुडिओत सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९ असे चालले. निर्माता किट लॅम्बर्ट हा संगीतकार कॉन्स्टंट लॅम्बर्टचा मुलगा. त्याला मोठा वाद्यवृंद हवा होता, पण टाउनशेंड अडून बसला. रंगमंचावर चौघांनाच वाजवता आले पाहिजे, हा त्याचा हट्ट. तो किती योग्य होता हे लगेच दिसले. ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात बँडची पाळी आली ती पहाटे, आणि ‘टॉमी’ संपत आला तेव्हा सूर्य वर येत होता. गायक रॉजर डॉल्ट्रीचा खरा जन्म याच मैफलींत झाला असे म्हणावे लागेल. तोवर तो आवाज होता, आता पात्र झाला. जून १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्येही हे सादर झाले.

इतर रूपे लवकरच आली. माँट्रियलच्या ‘ले ग्राँ बॅले कॅनेडियन’ने त्यावर बॅले केला. १९७१ मध्ये सिएटल ऑपेराने ते रंगमंचावर आणले, त्यात बेट मिडलर ‘अ‍ॅसिड क्वीन’ होती. १९७२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह नवे ध्वनिमुद्रण निघाले. लॅम्बर्टला हवा होता तसा वाद्यवृंद अखेर आला, पण दुसऱ्याच्या हातून.

केन रसेलचा १९७५ चा चित्रपट हे सर्वांत भडक रूप. त्यात बोललेला संवाद नाही, सगळे गाण्यातच. काळ दुसऱ्या महायुद्धाचा केला आहे आणि, मुख्य म्हणजे, इथे प्रियकरच परतलेल्या बापाला मारतो. त्यामुळे आईचा अपराधगंड कथेच्या मध्यावर येतो. ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅन-मार्ग्रेटला गोल्डन ग्लोब मिळाला आणि ऑस्करचे नामांकनही. दूरचित्रवाणी संचातून उसळलेल्या फेसात आणि टोमॅटो रसातल्या घेवड्याच्या बियांत ती लोळते, तो प्रसंग एकदा पाहिलेला विसरत नाही. प्रचंड उंच बुटांवरचा एल्टन जॉन, सुया टोचणारी टीना टर्नर, मर्लिन मन्रोच्या मूर्तीपुढे गाणारा एरिक क्लॅप्टन अशी हजेरी मोठी आहे. टॉमी झाला डॉल्ट्री. चित्रीकरण चालू असताना जून १९७४ मध्ये पोर्ट्समथमधला साउथ परेड पिअर हा समुद्रात गेलेला करमणुकीचा धक्का आगीत जळाला.

दिग्दर्शक डेस मॅकअनफ याच्याबरोबर टाउनशेंडने केलेले संगीत नाटक १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया प्लेहाउसमध्ये आणि एप्रिल १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले. ८९९ प्रयोग, पाच टोनी (अमेरिकी रंगभूमीचे) पुरस्कार. त्यांतला संगीतरचनेचा टाउनशेंडला विभागून मिळाला. मारणारा इथे बाप आहे, काळ मात्र चित्रपटासारखाच दुसऱ्या महायुद्धाचा. चार वर्षांचा, दहा वर्षांचा आणि तरुण असे तीन टॉमी एकमेकांकडे आरशातून पाहतात, ही कल्पना देखणी आहे. शेवट मात्र मऊ झाला आहे. टॉमी भक्तांना सांगतो की साधे जगणेच बरे, आणि घरच्यांकडे परत जातो. मूळ अल्बमवर वाढलेल्या अनेकांना हे पचले नाही. मॅकअनफनेच नव्याने बसवलेला प्रयोग २०२३ मध्ये शिकागोत आणि मार्च ते जुलै २०२४ मध्ये ब्रॉडवेवर झाला. खुनी बदलला, युद्ध बदलले, शेवट बदलला. अल्बमच्या अखेरीस येणारा समर्पणाचा समूहस्वर मात्र चित्रपटातही आहे आणि नाटकातही.