छिद्रातून ऑपरेशन केलं की कॅन्सर आत राहतो?

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतंच, "छिद्रबिद्र नको, छाती नीट उघडून करा, नाहीतर गाठ अर्धी आत राहील." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी माणसं उगाच जास्त वेदना सोसतात, म्हणून लिहितेय.

ब्रिटनमध्ये व्हायोलेट नावाची ट्रायल झाली, 9 हॉस्पिटलं, सुरुवातीच्या स्टेजचे 503 पेशंट, निम्म्यांचं छाती उघडून आणि निम्म्यांचं छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्याने. पट्ट्या तर अशा मोठ्या लावल्या की छेद कुठला ते पेशंटलाही कळू नये, म्हणजे "माझं छोटं ऑपरेशन झालंय" या समाधानाने उत्तरं बदलायला नकोत! गाठ पूर्ण निघणं, लिम्फ नोड (कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या छोट्या ग्रंथी) तपासणं, दोन्हीकडे सारखंच निघालं. वर्षभरात कॅन्सर परत येण्यातही फरक दिसला नाही. हॉस्पिटलमधली कॉम्प्लिकेशन्स मात्र उघडून केलेल्यांत 44 टक्क्यांना झाली, कॅमेऱ्याने केलेल्यांत 33 टक्क्यांना, आणि पाचव्या आठवड्यात कॅमेऱ्यावाल्यांची हालचाल जास्त बरी होती.

आत तोच भाग, त्याच रक्तवाहिन्या, तेच कापतात हो, फक्त बरगड्या फाकवत नाहीत, आणि कापलेला भाग आतच पिशवीत भरून छोट्या छेदातून ओढतात, पेशी छातीच्या भिंतीला लागू नयेत म्हणून.

गाठ मोठी असेल, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असेल तर उघडावंच लागू शकतं, कधी मध्येच ठरतं. ते अपयश नाही, पेशंटच्या जिवासाठीच घेतलेला निर्णय असतो. सर्जनला एवढं जरूर विचारा, अशी ऑपरेशन्स तुम्ही नेहमी करता का?