तलावातील सूक्ष्म प्राण्यांमधील पारा

जलपिसू (डॅफ्निया), सायक्लॉप्स, रोटिफर आणि गाळातल्या तांबड्या अळ्या (माशांच्या टाकीसाठी दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात त्या) अशा गोड्या पाण्यातील बारीक जिवांच्या अंगात साठणारा पारा. पाण्यात तो लिटरमागे जेमतेम काही नॅनोग्रॅम असतो, त्यामुळे नुसत्या पाण्याच्या तपासणीवर निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

कोळशाच्या धुरातून हवेत गेलेला पारा महिनोन्‌महिने तरंगतो आणि पावसाबरोबर तलावात उतरतो. तळाच्या गाळात प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचा मिथिल पारा (कार्बनशी जोडलेले पाऱ्याचे रूप) करतात. घातक तो हाच. शेवाळाची एकेक पेशी तो पाण्याच्या हजारो पटींनी गोळा करते, जलपिसू असे शेवाळ दिवसभर गाळून खाते, जलपिसवांवर माशांची पिल्ले वाढतात आणि पिल्लांवर मरळ. मोठ्या माशाच्या मांसातला बहुतेक पारा मिथिल रूपातच सापडतो.

ठाण्यातील मासुंदा, उपवन, कचराळी हे तलाव भरवस्तीतले. गणेशविसर्जनानंतर चर्चा होते ती रंगांची. पूर्वी लाल रंगासाठी वापरला जाणारा हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड (शेंदूर शिशाचा, दोघांची नेहमी गल्लत होते), पण तो पाण्यात फारसा विरघळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसकडे मात्र कोणी या नजरेने पाहत नाही. ते म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्या जिवाणूंचा आयता शिधा. कृत्रिम तलावातल्या विसर्जनाचा हाही एक फायदा. ठाणे खाडीतल्या पाऱ्याचे आकडे या तलावांना लावू नयेत. खाडी खारी, भरती-ओहोटीची.

पाणी हिरवेगार असेल तर पारा जास्त पेशींत वाटला जातो आणि जलपिसवांच्या वाट्याला घासामागे कमी येतो. पण तेच शेवाळ मरून तळाशी कुजले की प्राणवायू संपतो आणि मिथिल पारा वाढतो.

नमुन्यात बाहेरचा पारा मिसळू नये म्हणून तो घ्यायला दोघे लागतात: एक फक्त बाटलीला हात लावतो, बाकी सगळे दुसरा हाताळतो. बाटली उजेडात धरली की जलपिसवा झटके देत वर-खाली करताना दिसतात; अंग काचेसारखे, आत आतड्याची हिरवी रेघ. ती रेघ फिकी होईपर्यंत त्यांना गाळलेल्या पाण्यात ठेवतात, नाहीतर मोजणीत पोटातल्या शेवाळाचा पाराही धरला जातो.