ग्रंथालयातली पुस्तकांची नासधूस

वापरून पुस्तक झिजणं वेगळं आणि मुद्दाम पान फाडणं, ब्लेडने चित्र कापून नेणं, समासात गिरगटणं वेगळं. ग्रंथपालाची खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकाराची.

तक्रार जुनीच आहे. असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या संग्रहातल्या (इ.स.पू. ७वं शतक) मातीच्या लेखपट्ट्यांवर, पट्टी पळवणाऱ्याला किंवा तिच्यावर स्वतःचं नाव घालणाऱ्याला शाप दिलेले आहेत, आणि ही रीत बहुधा त्याच्याही आधीची. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीला बांधत. ती चोरीच्या भीतीने की पुस्तक सगळ्यांच्या हाताशी राहावं म्हणून, यावर दोन मतं आहेत. दुसरं जास्त पटतं, कारण ऑक्सफर्डच्या कॉलेजांत साखळीतला संग्रह वेगळा आणि फेलो लोकांना (कॉलेजच्या सदस्य विद्वानांना) घरी वापरायला वाटायचा वेगळा असे.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सेलोटेपने. १९३० मध्ये बाजारात आली आणि सोपी म्हणून सगळीकडे पसरली, पण तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो, वरची पट्टी गळून पडते, डाग तेवढा राहतो आणि तो काढायला सॉल्व्हंट (चिकटा विरघळवणारा द्रव) लागतं, तरी पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून जाणकार जपानी टिश्यू (लांब तंतूंचा पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. टिश्यू कात्रीने कापायचा नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडायचा, म्हणजे कडेचे तंतू सुटे राहून मूळ पानात मिसळतात. आणि पुढे कोणाला जोड काढायचा झाला तर ओलाव्याने निघतो. भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवतात, बुरशी थांबते.

गायब पानं दुसऱ्या प्रतीवरून झेरॉक्स काढून आत चिकटवतात. नवी प्रत मिळत असेल तर वाचकाकडून तीच किंवा तिची किंमत घ्यायची, नाहीतर दाखल रजिस्टरात शेरा मारून पुस्तक बाद. अडचण अशी की पान नाही हे बहुतेक वेळा पुढच्या वाचकालाच कळतं, मग फाडलं कोणी हे सिद्ध कसं करणार? त्यामुळे काही ठिकाणी पुस्तक परत घेताना मलपृष्ठाच्या आत पेन्सिलीने ‘पृ. ४३ फाटलेलं’ असं तारखेसह लिहून ठेवतात.

शिक्षेची गाजलेली केस लंडनच्या इस्लिंग्टनची : नाटककार जो ऑर्टन आणि त्याचा जोडीदार केनेथ हॅलिवेल यांना ग्रंथालयाच्या पुस्तकांची मुखपृष्ठं विद्रूप केली, चित्रं कापली म्हणून १९६२ मध्ये सहा महिने कैद झाली. तीच मुखपृष्ठं आता तिथल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहात जपून ठेवलीयत.