स्वमग्न वर्तन : अर्थ आणि गैरसमज

स्वमग्न किंवा ऑटिस्टिक व्यक्ती, म्हणजे जन्मापासूनच मेंदूची जडणघडण वेगळी असलेली व्यक्ती, जे करते आणि पाहणाऱ्याला त्यात जे दिसते, त्यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. कुकरची शिट्टी सहन होत नाही म्हणून मूल कानांवर हात ठेवते; बाहेरच्या खोलीत बसलेल्या काकूंना वाटते, याला आपले बोलणे नकोसे झाले आहे. ही नोंद अशा चिकटवलेल्या अर्थांविषयी आहे. उदाहरणे इंदूरच्या मराठी घरांतली घेतली आहेत. तिथे घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा तिहेरी व्यवहार चालतो, आणि प्रत्येक भाषेबरोबर वागण्याचे न सांगितलेले नियमही बदलतात.

गैरसमजाची सुरुवात नावापासूनच होते. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. पुढे 1943 मध्ये अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांच्या वर्णनात तोच शब्द घेतला. मराठीत त्याचे ‘स्वमग्नता’ झाले आणि इंदूरकरांच्या हाती येणाऱ्या हिंदी सरकारी कागदांवर ‘स्वपरायणता’. तिन्ही शब्द एकच सुचवतात: हा माणूस स्वतःत बुडालेला आहे. प्रत्यक्षात ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारचा मिक्सर, शर्टाच्या मागचा लेबलाचा तुकडा आणि आईचा आवाज हे सगळे ज्याच्यावर एकाच जोराने येऊन आदळते, त्याच्या बाबतीत बाहेरचे जग कमी नव्हे, जास्त आत शिरलेले असते. काहींच्या बाबतीत उलटही असते. खरचटले तरी लक्षात येत नाही. संवेदनांमधला हा फरक निदानाच्या अमेरिकी निकषांत, म्हणजे डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत, 2013 मध्ये समाविष्ट झाला. शब्द मात्र जुनाच राहिला.

घरांत सर्वांत जास्त ऐकू येणारा शेरा म्हणजे ‘मुद्दाम करतो’. कृती डोळ्यांना दिसते, हेतू दिसत नाही. मग पाहणारा तो स्वतःच्या अनुभवातून भरतो. आपण हाकेला ओ देत नाही तेव्हा रुसलेले असतो, म्हणून हाही रुसलेला असणार. वास्तविक स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी एकाच गोष्टीत खोल जाते आणि तिथून बाहेर यायला वेळ लागतो. ब्रिटिश संशोधक डायना मरे आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हीच मांडणी स्वमग्नतेच्या मुळाशी ठेवली. हाक मारायची तर दुसऱ्या खोलीतून मारू नये. मुलाच्या समोर, हाताच्या अंतरावर जावे, नाव घ्यावे, एकच छोटे वाक्य बोलावे आणि मनात दहापर्यंत मोजावे. इथेच बहुतेकांची चूक होते. तीन सेकंदांत उत्तर आले नाही की ‘चल’, ‘अरे ऊठ ना’, ‘रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत’ असे वाक्य बदलत राहतात. ऐकणाऱ्याला प्रत्येक नवे वाक्य पुन्हा पहिल्यापासून लावावे लागते, आणि उत्तर आणखी लांबते.

नजरेबाबत तर मुलाला दोन उलटे हुकूम मिळतात. शाळेत ‘माझ्याकडे बघून बोल’, घरी आजोबा रागावलेले असताना ‘डोळे वर करून बोलू नकोस’. कोणता नियम कुठे लागू हे इतर मुले न सांगता उचलतात. स्वमग्न मुलाला ते सांगावे लागते. शिवाय अनेक स्वमग्न प्रौढांनी लिहून ठेवले आहे की डोळ्यांत पाहणे आणि ऐकणे ही दोन कामे त्यांना एकदम जमत नाहीत. खाली फरशीकडे पाहणारे मूल कदाचित नीट ऐकत असते. जबरदस्तीने हनुवटी वर केली की त्याचे ऐकणे थांबते.

‘खाण्याचे नखरे’ हा दुसरा ठरलेला शेरा. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, मऊ. वरून शेव, जिरावण हा चटपटीत कोरडा मसाला, कांदा, कधी डाळिंबाचे दाणे. पहिल्या घासाला शेव कुरकुरीत लागते, पाच मिनिटांनी तीच वाफेने लिबलिबीत होते. एका बशीत स्पर्श मिनिटागणिक बदलतो आणि ‘काल तर खाल्ले होते’ असे म्हणणाऱ्याला तो बदल जाणवतच नाही. शेव वेगळ्या वाटीत, जिरावण बाजूला, पोहे कोरे, एवढ्याने पुष्कळ ठिकाणी प्रश्न सुटतो. नवा पदार्थ द्यायचा तर चमचाभर, ताटातल्या ओळखीच्या पदार्थाला न चिकटेल असा. पोह्यांत भाजी लपवून घालू नये. ती सापडली की भाजी जातेच, पोह्यांवरचा विश्वासही जातो. खाण्याचे पदार्थ चार-पाचांवर आले किंवा वजन घटू लागले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तेव्हा तो नुसता आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

बोलण्यातले गैरसमज मराठीत वेगळेच रूप घेतात. तहान लागलेला मुलगा ‘तुला पाणी हवंय का?’ असे विचारतो, कारण पाणी मिळण्याच्या वेळी हेच वाक्य ऐकू येते. तो पाणी देऊ करत नसतो, मागत असतो. मराठी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवते, म्हणून आईचे वाक्य जसेच्या तसे उचलणारा मुलगा ‘मी येते’, ‘मला कळलं, मी करते’ असे म्हणतो. लोक हसतात, किंवा काळजीत पडून ‘मुलीसारखं बोलतो’ म्हणतात. ती आईच्या आवाजाची प्रत असते. ऐकलेले वाक्य तसेच परत म्हणणे याला पूर्वी निरर्थक पोपटपंची समजत. अमेरिकी वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूकन यांनी 1981 मध्ये दाखवले की अशा पुनरुक्तीची कामे निरनिराळी असतात: होकार देणे, मागणे, आपली पाळी पुरी करणे, स्वतःला धीर देणे. तेव्हा ‘पोपटासारखं बोलू नको’ म्हणण्यापेक्षा हे वाक्य याने पहिल्यांदा कुठे ऐकले असेल, हे शोधावे. आणि उत्तर त्याच्या तोंडी शोभेल अशा रूपात द्यावे: ‘मला पाणी हवंय’ असे मोठ्यांनी शांतपणे म्हणून पेला पुढे करावा. पुन्हा म्हणायला लावू नये.

एक उदाहरण तर प्रेमाच्या बाजूने होणाऱ्या गैरसमजाचे आहे. निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही. आत्या ‘येते हं’ म्हणून जिना उतरते आणि मूल उघड्या दारात उभे राहते. दार लावू लागले की रडते. घरचे कौतुकाने म्हणतात, आत्याचा किती लळा आहे! लळा असेलही, पण ती ‘येते’ म्हणाली आहे आणि अजून आलेली नाही, हेही तितकेच खरे. ‘आत्या तिच्या घरी जाते आहे. रविवारी पुन्हा येईल’ असे सांगितले की दार लावता येते. ‘बघू’, ‘दोन मिनिटं’, ‘उद्या नक्की’ यांचेही तसेच.

इंदुरात पालकांना हमखास मिळणारा एक सल्ला आहे: मूल बोलत नाही तर घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी ठेवा. आजवरच्या संशोधनात दोन भाषांत वाढणारी स्वमग्न मुले एका भाषेत वाढणाऱ्या स्वमग्न मुलांपेक्षा मागे पडल्याचे दिसलेले नाही. आई-आजीची भाषा तोडल्याने गप्पा, गाणी, शुभंकरोति हे मात्र जाते, आणि मोडक्या हिंदीत मुलाशी बोलणारी आजी हळूहळू बोलायचीच थांबते. मूल मराठी प्रश्नाला कार्टूनमधल्या हिंदीत उत्तर देत असेल तर त्याने मराठी नाकारलेली नसते. ते वाक्य त्याला त्या भाषेत भेटलेले असते.

हट्ट आणि उद्रेक यांची गल्लत सर्वांत महाग पडते. हट्ट करणारे मूल मधूनमधून पाहते, कोण बघतंय. वस्तू मिळाली की थांबते. उद्रेकात समोर कोण आहे याचे भान नसते आणि वस्तू दिली तरी तो थांबत नाही. दोन्ही एकमेकांत मिसळतातही: फुग्यासाठी सुरू झालेले रडणे गर्दीत उद्रेकात जाते. राजवाड्याच्या आसपास रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा ढोल, भोंगे, टँकरमधून उडणारे पाणी, हवेत गुलाल आणि अनोळखी अंगांची ढकलाढकल एकदम येते. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीला, रात्रभराचे जागरण वर. अशा वेळी एकाच मोठ्या माणसाने जवळ राहावे. बोलणे बंद, प्रश्न तर अजिबात नाही. दिवा मंद, माणसे दुसऱ्या खोलीत. डोके आपटत असेल तर मध्ये उशी धरावी. रस्ता किंवा गॅलरीचा कठडा असा धोका नसेल तर धरून ठेवू नये. पकडले की लढाई सुरू होते. शांत झाल्यावरही थकवा तासन्‌तास राहतो, म्हणून ‘आता सांग, का केलंस?’ ही चौकशी त्याच दिवशी नको.

शाळा म्हणते ‘आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखा असतो’, आणि घरी दप्तर टाकताच आकांत. यातून निघणारा निष्कर्ष ठरलेला: आईने लाडावले. दिवसभर स्वतःला आवरून धरण्याचे, इतरांचे हसणे-बोलणे उसने घेण्याचे श्रम जिथे सुरक्षित वाटते तिथे बाहेर पडतात. अनेक मुलींमध्ये हे आवरणे इतके बेमालूम असते की ‘गुणी, अबोल पोर’ म्हणून कौतुक होते आणि स्वमग्नतेचे निदान पंचविशी-तिशीपर्यंत लांबते. हे कौतुक फार नुकसान करते, कारण त्यात त्रास मोजलाच जात नाही. शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास कोणी काही विचारायचे नाही, ‘डब्यात काय खाल्लंस’ हेही नाही, एवढा नियम घरात पाळून पाहावा.

मोठ्या वयात शेरे बदलतात: उद्धट, शिष्ट, दगडाच्या काळजाचा. घरात कोणी गेल्यावर जो रडत नाही आणि दहाव्याला किती माणसे येणार, किती पाने मांडायची हे विचारत राहतो, त्याला दुःख नाही असे सगळे धरून चालतात. त्याचे दुःख कामाच्या वाटेने चाललेले असते; ते शब्दांत किंवा चेहऱ्यावर उतरवणे त्याला अवघड जाते. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 मध्ये दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न मांडला: समजण्यातली दरी दोन्ही बाजूंनी असते, दोष एकाच्याच माथी मारला जातो. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टीच्या खेळासारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. माहिती एकाकडून दुसऱ्याकडे देताना केवळ ऑटिस्टिक लोकांची साखळी केवळ बिगर-ऑटिस्टिक साखळीइतकीच चांगली चालली. मिश्र साखळीत माहिती जास्त गळाली.

दोष आईवर ढकलण्याची परंपराही जुनी आहे. पन्नास-साठच्या दशकांत पाश्चात्त्य देशांत थंड, प्रेमहीन आयांमुळे मुले अशी होतात असे मानत. अमेरिकेतले लेखक ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 मध्येही ते ठासून लिहिले, जरी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच ते खोडून काढले होते. आपल्याकडे त्याची रूपे वेगळी: आई नोकरीला जाते म्हणून, मोबाइल हातात दिला म्हणून, गर्भारपणी ग्रहण पाळले नाही म्हणून. याच्या जोडीला ‘याचे बाबाही पाच वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ हा दिलासा असतो, आणि त्यात तपासणीची वर्षे निघून जातात.

चांगल्या हेतूने जास्तीचा अर्थ लावणे हीही चूकच. तारखांचे वार झटकन सांगणाऱ्या मुलाला दैवी देणगी चिकटवली जाते आणि त्याला बुटाची नाडी बांधायला मदत लागते हे विसरले जाते. न बोलणाऱ्यांचा हात धरून त्यांच्याकडून टंकलेखन करवून घेण्याच्या पद्धतीत, नव्वदच्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत, शब्द हात धरणाऱ्याचे निघाले. चित्रांची कार्डे किंवा टॅबलेट मुलाने स्वतःच्या बोटाने, कोणी हात न धरता वापरायला हवा.

वागणे अचानक बदलले तर अर्थ शोधण्याआधी शरीर पाहावे: दाढ, कान, बद्धकोष्ठ, झोप, फिट. स्वमग्न लोकांत फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. मग दोन आठवडे वहीत लिहावे: वेळ, जागा, आधीच्या 15 मिनिटांत काय घडले, आवाज कोणते होते, किती झोपला, नंतर कशाने निवळले. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ हे शब्द वहीत नकोत. ‘7:40, कचरा गाडीचे गाणे सुरू, कान झाकले, कॉटखाली गेला, 7:55 ला बाहेर’ असे हवे. गाडी ज्या दिवशी उशिरा आली त्या दिवशीचा आकांत मग वेगळा कळतो: एरवी गाण्याच्या आवाजाने त्रास, त्या दिवशी गाणे वेळेवर न आल्याने.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इसा’ या स्वमग्नता मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 70 पासून सौम्य, 107 पासून मध्यम, 153 च्या वर तीव्र. हे गुण देणारा मुलाला थोडा वेळ पाहतो आणि पालकांना विचारतो, म्हणजे घरातला ‘मुद्दाम’ तिथेही गुणांत शिरू शकतो, आणि आवरून बसलेल्या मुलीचे गुण कमी पडू शकतात. म्हणून ती वही आणि घरातले तीन-चार छोटे व्हिडिओ सोबत न्यावेत: एक जेवतानाचा, एक शाळेतून आल्यावरचा, एक आवडते काम करतानाचा.